मूल्यं: सांगायची आणि जगायची
‘तुझी मूल्यं कोणती?’ असं बारामतीतल्या कॉलेजच्या पोरांना विचारलं, तर बहुधा शाळेच्या फळ्यावरचे सुविचारच ऐकू येतील. खरी मूल्यं कळतात ती निवड करताना. इंदापूर तालुक्यात बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. तिथं वारकऱ्यांना पाणी देणारा एक जण परंपरा पाळत असतो, तर दुसऱ्याच्या लेखी ती माणुसकी असते. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२मध्ये १० मूलभूत मूल्यं वर्तुळात मांडली. शेजारची मूल्यं जुळतात, समोरासमोरची भांडतात. स्वयंनिर्णय आणि परंपरा अशीच समोरासमोरची. म्हणून स्पर्धा परीक्षेसाठी लग्न लांबवून पुण्याला निघालेली मुलगी घरच्यांना हट्टी वाटते. ती मात्र त्या निर्णयालाच घरची जबाबदारी म्हणते. आणि मला ते पटतं.