ओळख आकाशाची : तारादर्शक तबकडीचा उपयोग

मृग नक्षत्र निघाले की पेरणीची लगबग सुरू होते, हे आपल्याकडील शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. मात्र त्याच जून महिन्यात मृगाच्या तारका रात्री आकाशात शोधू गेल्यास त्या सापडत नाहीत. कारण त्या दिवसांत सूर्यच मृगात असतो आणि त्या तारका त्याच्यासोबत दिवसा उगवून मावळतात. कोणती तारका कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कोणत्या दिशेस दिसेल, हे घरबसल्या सांगणारे एक साधे साधन आहे. इंग्रजीत त्यास ‘प्लॅनिस्फिअर’ म्हणतात. आपण त्यास तारादर्शक तबकडी म्हणू.

रचना व वापर

एकमेकींवर फिरणाऱ्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, एवढीच या साधनाची रचना. खालच्या चकतीवर तारकांचा नकाशा असून तिच्या कडेला वर्षाच्या तारखा असतात. वरच्या चकतीला लंबगोल खिडकी व कडेला तासांच्या खुणा असतात. तारखेसमोर वेळ आणली की त्या क्षणी क्षितिजावर असलेले आकाश खिडकीत दिसते. खिडकीची कड म्हणजे क्षितिज व मध्य म्हणजे माथ्यावरचे आकाश.

नकाशात पूर्व डावीकडे व पश्चिम उजवीकडे पाहून नवखा वाचक गोंधळतो. ही छपाईची चूक नव्हे. जमिनीचा नकाशा आपण खाली पाहून वाचतो, हा मात्र डोक्यावर धरून वाचायचा असतो. ज्या दिशेस तोंड असेल, ती दिशा खाली येईल अशा रीतीने तबकडी धरावी.

दोन दक्षता

पहिली दक्षता अक्षांशाची. परदेशातून आणलेल्या अनेक तबकड्या ४० ते ५० उत्तर अक्षांशांसाठी केलेल्या असतात. लंडनच्या आकाशात ध्रुव सुमारे ५१ अंश उंचीवर असतो, मुंबईत तो केवळ १९ अंशांवर दिसतो. उलट, आपल्याकडे दक्षिणेस तेजाने तळपणारा अगस्त्य तारा लंडनला कधीच उगवत नाही व तेथील तबकडीच्या खिडकीत तो येतही नाही. म्हणून २० अंशांच्या आसपासची तबकडी घ्यावी. ती साऱ्या महाराष्ट्रात चालते.

दुसरी दक्षता वेळेची. आपली घड्याळे ८२.५ पूर्व रेखांशाच्या वेळेनुसार चालतात. तबकडी सामान्यतः स्थानिक वेळ मानते. त्यामुळे घड्याळातील वेळेतून मुंबईत सुमारे ३९, पुण्यात ३५ व नागपुरात १४ मिनिटे वजा करावीत. तबकडी भारतीय प्रमाणवेळेनुसार आखलेली असल्यास ही वजाबाकी नको.

एक उदाहरण

मुंबईत १५ फेब्रुवारीस रात्री ९ वाजता आकाश पाहावयाचे आहे. त्या तारखेसमोर ८ वाजून २० मिनिटांची खूण आणावी. दक्षिणेकडे तोंड केल्यास मृग माथ्याच्या जवळ, त्याखाली किंचित पूर्वेस व्याध आणि क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर अगस्त्य दिसेल. ईशान्येस सप्तर्षी उगवत असतील. तारका रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. म्हणून हेच दृश्य १५ जानेवारीस रात्री ११ च्या सुमारास दिसते. दक्षिण क्षितिजाजवळची तारकामंडळे नकाशात ताणलेली दिसतात, हे ध्यानी ठेवावे.

ग्रह सतत जागा बदलतात. म्हणून ते तबकडीवर छापलेले नसतात. राशींच्या पट्ट्यात, नकाशात नसलेली तेजस्वी व न लुकलुकणारी ज्योत दिसली, तर तो बहुधा ग्रह समजावा.

काळोखाचे जतन

भ्रमणध्वनीवरही आज आकाशाचे नकाशे मिळतात. परंतु त्याच्या प्रकाशाने डोळे दिपतात. अंधाराला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तबकडी पाहताना विजेरीवर लाल कागद लावावा.

तबकडी बिनचूक असली, तरी दिव्यांच्या झगमगाटाने झाकलेले आकाश ती दाखवू शकत नाही. राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ साली ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती तेथील काळोख राखल्यामुळेच. आपल्या अंगणातील अनावश्यक दिवा रात्री मालवणे हाही त्याच कार्यातील वाटा होय. तेवढे केले, तर आपल्या मुलांना मृग केवळ पंचांगात नव्हे, तर आकाशातही ओळखता येईल.