टपालाने पाठवलेले सर्वेक्षणाचे फॉर्म परत का येत नाहीत?

राजापूर तालुक्यातील बौद्धवाड्यांची शैक्षणिक व आर्थिक पाहणी करायची ठरली, की आपण फॉर्म छापतो, टपालाने पाठवतो आणि वाट पाहतो. समजा, शंभरातले पंचवीसच परत आले, तरी त्यावरून अहवाल लिहून मोकळे होतो. घात इथेच होतो.

१९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून लँडन जिंकणार असे भाकीत केले गेले. निवडून आले रूझवेल्ट, तेही ६० टक्क्यांहून अधिक मतांनी. पत्त्यांची यादी सुखवस्तू लोकांकडे झुकलेली होती आणि उत्तर न देणाऱ्यांचा कल वेगळा होता. आकडा मोठा असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही.

आपल्याकडे फॉर्म कोण भरेल? शिकलेला, नोकरदार. गळतील त्या एकट्या राहणाऱ्या आजी, मजुरीला जाणाऱ्या ताई आणि घराला कुलूप लावून मुंबईला गेलेली कुटुंबे. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या घटली, हे विसरू नये. गरजू गळाले, तर वसतिगृहाची, शिष्यवृत्तीची आपली मागणीच लंगडी पडते.

मग काय करावे?

फॉर्म दोन पानांचा, सोप्या मराठीत असावा. आधी गावच्या मंडळाच्या सहीचे पत्र पाठवावे : माहिती कशासाठी हवी, ती गुप्त कशी राहील. सोबत पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट द्यावे. आठवड्याने आठवणीचे पोस्टकार्ड, तीन आठवड्यांनी पुन्हा फॉर्म. फॉर्मवर नाव नको, फक्त क्रमांक. म्हणजे कोणाला आठवण करायची ते कळते. क्रमांकांची यादी एकाच जबाबदार व्यक्तीकडे राहावी. लावणीचे दिवस टाळावेत. बंद घरांचे फॉर्म मुंबईच्या पत्त्यावर पाठवावेत.

तरीही जे उरतील, त्यांतली काही घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि प्रत्यक्ष जाऊन भेटावे. त्यांची उत्तरे आलेल्या उत्तरांशी ताडून पाहिली, की आपला अहवाल किती झुकला आहे ते समजते. किती फॉर्म पाठवले, किती आले, हेही अहवालात लिहावे.

ज्याचा आवाज आलाच नाही, त्याच्या दारापर्यंत जाणे हेच आपले काम आहे.

जय भीम!