पन्नास वर्षांची स्वस्ताई

कोंबडी पूर्वी निमित्ताने कापली जायची. जावई आला किंवा नवस फेडायचा ठरला, की परसातलं एखादं कोंबडं कमी व्हायचं. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायची, तीही तिच्या मर्जीने.

1971 मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली आणि पुढे पुणे या धंद्याचं मोठं केंद्र झालं. पिंजऱ्यातली लेअर वर्षाला तीनशे अंडी देऊ लागली. मांसासाठीचा ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो भरू लागला. अंड्याचा भाव मात्र व्यापारी पाडत, म्हणून 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती (एनईसीसी) स्थापन झाली आणि रोजचा दर उत्पादकांची संघटना जाहीर करू लागली. गरिबाच्या ताटात अंडं आलं ते या सगळ्यामुळेच. हे नाकारून कारखानदारी कुक्कुटपालनावर टीका करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

पण स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतच असतं. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला वहीच्या पानाहूनही कमी जागा येते. पंख पसरणं अशक्य. एकमेकींना टोचू नये म्हणून चोच कापतात. लेअर जातीची नर पिल्लं तर जन्मल्या दिवशीच मारली जातात, कारण ती ना अंडी देतात, ना झटपट मांस. युरोपीय संघाने साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्या विधी आयोगाने 2017 मध्ये याच विषयावर अहवाल दिला. पिंजरे आहेत तिथेच आहेत. खाद्यातून सर्रास दिलं जाणारं कोलिस्टिन तेवढं 2019 मध्ये बंद झालं. माणसासाठी शेवटच्या फळीतलं ते प्रतिजैविक, आणि आपण ते कोंबडीचं वजन वाढवायला वापरत होतो!

फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिलीच लागण. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. एका छपराखाली एकाच वाणाचे हजारो पक्षी असले की विषाणूला आणखी काय हवं? 2021 मध्ये तो त्याच तालुक्यात पुन्हा आला.

आणि शेतकरी? करारशेतीत पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. जागा, शेड, कर्ज, वीजबिल आणि रात्रीची जाग त्याची. कंपनीने तयार पक्षी उचलले, म्हणजे लिफ्टिंग झालं, की किलोमागे संगोपनाचे पैसे. कांद्याचा भाव कोसळताना पाहिलेल्या माणसाला हा सौदा आवडला, यात नवल नाही. पण पक्षी त्याचा नाही, खाद्य त्याचं नाही, आणि पुढची बॅच कधी येणार हेही त्याच्या हाती नाही. 2020 मध्ये ‘चिकनमुळे कोरोना होतो’ ही अफवा मोबाइलवरून फिरली, कोंबडी मातीमोल झाली आणि शेडं रिकामी पडली. बँकेचा हप्ता तेवढा ठरल्या तारखेला येत राहिला.

आणि गरिबाच्या ताटातलं अंडं? नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला आणि अंड्याचा खर्च लोकवर्गणीतून करा, असं शाळांना सांगितलं.