विश्लेषण : मुलाला वर्षभर उशिरा शाळेत घातल्याने फायदा होतो का?

पाच वर्षे पूर्ण झाली की अमेरिकेत मुलाला किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळतो. मात्र प्रवेशास पात्र असूनही काही पालक मुलाला वर्षभर घरी किंवा पाळणाघरात, बालवाडीत ठेवतात. या निर्णयाचे फायदे-तोटे तेथे अनेक वर्षे चर्चेत आहेत. महाराष्ट्रातही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांपुढे हाच प्रश्न असतो.

‘रेडशर्टिंग’ म्हणजे काय?

अमेरिकी महाविद्यालयांत एखाद्या खेळाडूला वर्षभर सामन्यांपासून दूर ठेवून केवळ सराव दिला जातो. त्यासाठी वापरला जाणारा हा शब्द शालेय प्रवेशालाही चिकटला. तेथे अशा मुलांचे प्रमाण सुमारे पाच टक्के आहे. त्यात मुलींपेक्षा मुलगे जास्त आणि सुस्थितीतील कुटुंबे अधिक.

पालक असे का करतात?

अनेक राज्यांत वयाची गणना १ सप्टेंबरला होते. त्यामुळे ऑगस्टअखेर जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान, तर सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मलेले सर्वांत मोठे ठरते. पाचव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे असते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील २०१८च्या अभ्यासानुसार, अशा राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांत अतिचंचलतेचे (एडीएचडी) निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्के अधिक होते. म्हणजेच काही वेळा वयानुसार असलेला अल्लडपणा आजार समजला जातो.

मग आक्षेप कशाला?

मोठ्या मुलांची अभ्यासातील आघाडी पुढील इयत्तांत कमी होत जाते. शिवाय वर्गात कोणी तरी सर्वांत लहान असणारच. एकाने वर्ष थांबल्यास ती जागा दुसऱ्याकडे जाते. बालवाडीचे आणखी एक वर्षाचे शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबांना थांबण्याचा पर्यायच नसतो. त्यामुळे गरीब घरातील लहान मूल श्रीमंत घरातील वर्षभर मोठ्या मुलाशेजारी बसते आणि दोघांची तुलना होते. अभ्यासक रिचर्ड रीव्हज यांनी ‘ऑफ बॉईज अँड मेन’ (२०२२) या पुस्तकात सर्वच मुलग्यांना वर्षभर उशिरा प्रवेश देण्याची सूचना केली. न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांत मात्र साधारणपणे जन्मवर्षानुसारच वर्ग ठरतो.

महाराष्ट्रात काय स्थिती?

राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे आवश्यक आहे, पण शाळा जूनमध्ये सुरू होतात. त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल साडेपाच वर्षांचे असताना पहिलीत बसू शकते. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. तेथे याच मुलाला पुढील वर्षापर्यंत थांबावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही (२०२०) पहिलीचे वय सहा वर्षे धरले आहे.

पालकांनी काय पाहावे?

पुढे कोणत्या शाळेत जायचे आहे आणि तेथे वय कोणत्या तारखेला मोजतात, हे नर्सरीलाच तपासावे. ‘आरटीई’अंतर्गत राखीव जागांसाठी कमाल वयाचीही अट असल्याने थांबण्यापूर्वी ती पाहणे गरजेचे आहे. स्वतःच्या हाताने जेवणे, शौचाला जाण्याची गरज सांगणे, काही वेळ आई-वडिलांविना राहणे मुलाला जमते का, याबाबत बालवाडीच्या शिक्षिकांचे मतही उपयोगी ठरते. मूल मागे पडत असल्याची तक्रार शाळेकडून आल्यास आधी वर्गातील इतरांच्या तुलनेत त्याचा जन्ममहिना पाहावा आणि तरीही शंका उरल्यास बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.