शेवटचे सहा किलोमीटर

"मावशी, तुम्हाला डोळे हवेत की नकोत?" मी जरा रागानेच विचारले.

समोर बसलेल्या बाईंना बारा वर्षांचा मधुमेह. डोळ्यांच्या पडद्यावर त्याचा परिणाम दिसू लागला, म्हणून मी त्यांना मोठ्या शहरातील रुग्णालयात लेसर उपचारासाठी पाठविले होते. दोनदा त्या गेल्या. नंतर सात महिने फिरकल्या नाहीत. आता उजव्या डोळ्याने धूसर दिसत होते.

त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तिसऱ्यांदाबी गेले होते की. एसटीतून उतरले तवा साडेनऊ वाजलेले. शहरातली बस धरायला मोठा रस्ता ओलांडून पार पलीकडं जायचं. ती बस मधेच सोडते. तिथनं दुसरी. ती येईतो केसपेपरची खिडकी बंद झाली. रिक्षाला पैसे कुठनं आणू? आले परत."

माझा राग ओसरला. पुढच्या खेपेस मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो आणि घड्याळ लावून पाहिले. गावापासून शहरापर्यंतचे शंभर किलोमीटर एसटीने अडीच तासांत गेले. स्थानकापासून रुग्णालयापर्यंतच्या शेवटच्या सहा किलोमीटरला सव्वा तास लागला. त्यातला बसमधला वेळ पंचवीस मिनिटांचा. बाकीचा सगळा वेळ शोधण्यात, रस्ता ओलांडण्यात आणि उन्हात उभे राहण्यात गेला. लेसरने मावशींचा डावा डोळा राखला. उजव्या डोळ्याची गेलेली नजर मात्र परत आली नाही. मधुमेहात पडद्याचे नुकसान एकदा झाले की ते बहुधा भरून येत नाही. उपचार वेळेवर व्हावे लागतात.

वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात बसगाड्यांचे काय काम? काम आहे, आणि ते जुने आहे. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील वाहतूक सेवेतील सुमारे एकतीस हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून. वाहक दिवसभर जिन्यावरून वरखाली. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये चालकांपेक्षा कमी आढळले. मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालक मुळातच कमरेने जाड असल्याचे दिसले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. तरीही हालचाल आणि हृदय यांचा संबंध पुढील अनेक अभ्यासांत पक्का होत गेला.

आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. माझे रुग्ण म्हणतात, "वेळ कुठे आहे?" २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत असे दिसले, की बस वा रेल्वेने जाणारी निम्मी माणसे थांब्यापर्यंत येण्याजाण्यात रोज एकोणीस मिनिटे किंवा अधिक चालतात. वेगळा वेळ काढायला नको, बूट घ्यायला नकोत. बसचा प्रवासी नकळत औषध घेत असतो.

पण हे औषध पचेल इतकेच हवे. थांबा दहा मिनिटांच्या चालीवर असला तर व्यायाम होतो. तोच अर्ध्या तासावर, गटार ओलांडून आणि काळोखातून असला तर माणूस बस सोडून देतो. मावशींच्या भाच्याने शेवटी कर्ज काढून मोटारसायकल घेतली. त्याला दोष कसा द्यायचा? जिथे साखळी तुटते तिथे एक दुचाकी जन्माला येते. मग कोपऱ्यावर दूध आणायलाही किक बसते, पोट सुटते आणि चौकात धूर साचतो. अपघात वेगळेच. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

ही साखळी जोडता येते का? ब्राझीलमधील कुरितिबा शहराचे उदाहरण पाहा. १९७०च्या सुमारास तिथली वस्ती सहा लाखांच्या घरात होती आणि झपाट्याने वाढत होती. भुयारी रेल्वे परवडणारी नव्हती. व्यवसायाने वास्तुविशारद असलेले जैमी लर्नर महापौर असताना, १९७४ साली, तिथे बससाठी राखीव मार्ग सुरू झाले. खरी हुशारी पुढे होती. उंच इमारतींना आणि दाट वस्तीला या बसरस्त्यांच्या कडेनेच वाव दिला. आतल्या वस्त्यांतून छोट्या बस लोकांना मोठ्या स्थानकांवर आणून सोडू लागल्या आणि तिथे दुसरे तिकीट न काढता गाडी बदलता येऊ लागली. १९९१ पासून नळीच्या आकाराचे थांबे आले. पैसे आत शिरतानाच द्यायचे आणि थांब्याची फरशी बसच्या फरशीच्या पातळीला. गुडघेदुखीच्या माणसाला याचे मोल विचारा! तिथेही मोटारी पुष्कळ आहेत, सगळे प्रश्न संपलेले नाहीत. पण आधी रस्ता, मग वस्ती, हा क्रम त्यांनी वेळेवर धरला.

आपल्याकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या वेगवेगळ्या बससेवा २००७ साली एक झाल्या. तोवर दोन्ही शहरे वाढून एकमेकांना भिडली होती. मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोचली. तिथे एसटी, शहर बस आणि मेट्रो शेजारी शेजारी आली, हे चांगले झाले. पण शेजार म्हणजे नाते नव्हे. गाड्यांच्या वेळा जुळणे, सावलीतून चालता येणे, मराठीत मोठ्या अक्षरांचे फलक असणे, यांनी नाते जुळते.

आता आपल्या गावाकडे पाहू. वसाहती हमरस्त्याच्या कडेने लांबत चालल्या आहेत. दवाखाने एका टोकाला, महाविद्यालय दुसऱ्या टोकाला, स्थानक मधोमध. तहान लागल्यावर विहीर खणू नये. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवितात, तेव्हा आपण फक्त आपल्या प्लॉटचे आरक्षण पाहतो. त्या वेळी चार गोष्टी जरूर विचाराव्यात. नव्या वसाहतीत बस वळेल एवढा रस्ता आहे का? थांबा दहा मिनिटांच्या चालीवर आहे का? तिथवर सलग पदपथ आणि दिवे आहेत का? आणि सकाळची बस बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेआधी दवाखान्यात पोचते का?

तोवर बाहेरगावी उपचाराला जाणाऱ्यांनी एवढे सांभाळावे :

१. नोंदणीची खिडकी किती वाजेपर्यंत उघडी असते आणि कोणती बस दारापर्यंत जाते, हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे.

२. मधुमेहींनी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी प्रवास करू नये. रक्ताची तपासणी उपाशीपोटी असेल तर औषध कधी घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. पिशवीत साखर किंवा ग्लुकोज असू द्यावे. घाम, थरथर, भोवळ वाटताच ते लगेच खावे.

३. जुने कागद, औषधांची चिठ्ठी आणि पाण्याची बाटली एकाच पिशवीत ठेवावी.

४. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय चढू-उतरू नये. म्हाताऱ्या माणसांनी दांडी धरूनच उतरावे. खुब्याचे हाड मोडले तर महिनोन्महिने अंथरूण धरावे लागते.

५. धडधाकट माणसांनी एक थांबा आधी उतरून चालावे.

माझ्याही सवयीत एक बदल झाला आहे. रुग्णाला शहरात पाठविताना मी चिठ्ठीच्या मागे बसचा थांबा आणि वेळ लिहितो. तपासणी चुकली, तर रागावण्याआधी विचारतो, "कसे गेला होता?"