सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. ऑगस्ट 2022 पासून इथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि मुलं दीड तास अभ्यासाला. कोरोनाकाळात शिक्षणासाठी हातात आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, म्हणून गावाने हा निर्णय घेतला.

मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की नियम मोठ्यांनाही लागू होता. आई मालिका पाहत असताना मुलाने पुस्तकात डोकं घालावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मुलांना मोबाइल-टीव्हीच्या पडद्याचा धोका दोन बाजूंनी असतो. एक, पडदा स्वतः जे करतो ते: रात्री त्याच्या उजेडाने झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं स्रवणं लांबणीवर पडतं आणि झोप तुटपुंजी होते. दुसरी बाजू जास्त गंभीर. पडदा ज्या गोष्टींची जागा घेतो, त्या मुलाला मिळत नाहीत. दिवसाउजेडी मैदानात खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचं अंधुक दिसण्याचा, धोका कमी असतो. तान्ह्या मुलाची भाषा तर समोरच्या माणसाशी होणाऱ्या बोलण्यातूनच फुलते. व्हिडिओ त्याला उत्तर देत नाही. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते: दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच (नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालेल), दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने.

जेवताना मोबाइल देण्याची सवय आधी मोडा. मग मोबाइलच्या जागी पुस्तकांची गोडी लावा: सातारा जिल्ह्यातलं भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. सुट्टीत मुलांना तिथे जरूर न्या.