धन्याचे वळण तेच गड्याचे वळण

ज्या घरातील वडील माणूस जेवणापूर्वी न चुकता हातपाय धुतो, त्या घरी मुलांना ती गोष्ट शिकविण्यास पंतोजी ठेवावा लागत नाही. कामाच्या जागी जिवाची काळजी घेण्याची रीतही अशीच वरून खाली उतरते. भिंतीवर टांगलेल्या नियमांनी ती लागत नाही. कामाचा जो धनी, मुकादम अथवा अंमलदार असेल, त्याच्या नित्याच्या वागण्याने लागते. शेतकऱ्यांच्या मासिकात हा विषय घेण्याचे कारण असे की, कारखान्याचा मालक तेवढाच धनी, असा पुष्कळांचा समज आहे. चार मजूर लावून फवारणी करून घेणारा शेतकरीही धनीच होय, आणि त्याच्या वळणावर चार घरांचे कुंकू अवलंबून असते.

प्रथम आपल्या उपनगरातील उदाहरण घेऊ. ता. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यासह पाऊस आला आणि घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर जाहिरातीचा एक अवाढव्य फलक कोसळला. पंपाच्या छपराखाली त्या वेळी जी माणसे होती ती त्यात सापडली. १७ जण दगावले व सत्तरांहून अधिक जखमी झाले. महानगरपालिकेच्या नियमाप्रमाणे फलक ४० फूट बाय ४० फूट याहून मोठा असू नये. हा सुमारे १२० फूट बाय १२० फूट होता, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील व परवानगी तेथून मिळालेली. महानगरपालिकेचे म्हणणे असे की, आमची परवानगी घेतलीच नव्हती.

हा फलक काही गुपचूप उभा राहिला नव्हता. रस्त्याने येणारे-जाणारे सारे तो पाहत होते. इतकेच नव्हे, तर त्याच्या आकाराची लिम्का विक्रमांच्या पुस्तकात नोंदही झाली होती. नियम होता, मोजपट्टी होती, कचेऱ्या होत्या; तरी फलक उभाच राहिला. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक ही की, धोका रोज डोळ्यांपुढे राहिला आणि काही दिवस काही घडले नाही, म्हणजे तो धोकाच वाटेनासा होतो. दुसरी ही की, वरच्या माणसाने जे पाहून सोडून दिले, ते खालच्या माणसांच्या लेखी मंजूर झालेले असते.

आमची हयात महसूल कचेरीत गेली. पंचनामा नावाचा कागद आम्ही पुष्कळ हाताळला. त्यात जागेच्या चतुःसीमा असतात, प्रेताची स्थिती असते, पंचांच्या सह्या असतात. परंतु आदल्या दिवशी धन्याने काय पाहून न पाहिल्यासारखे केले, याचा रकाना त्यात नसतो. तो रकाना ज्याचा त्याने आधीच भरावयाचा असतो.

शेतावर तर ही जबाबदारी अधिकच आहे. कारखान्यांकरिता आपल्या देशात १८८१ साली पहिला कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली दुसरा व्यापक कायदा झाला. परंतु शेत हा कारखाना नव्हे, व तेथे कारखान्यासारखा निरीक्षक फेरी मारीत नाही. सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. तीत खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्या अपघाती मृत्यूस दोन लाख रुपयांचे साहाय्य मिळते. ज्याच्या घरात कोणाचेच नाव सातबाऱ्यावर नाही, असा मजूर मात्र त्यात बसत नाही. सबब आपल्या बांधावर मजुराचा निरीक्षक व त्याचा विमा या दोन्ही नात्यांनी उभा असलेला मनुष्य एकच. तो म्हणजे शेताचा धनी.

ही गोष्ट किती खरी आहे, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. त्या वर्षी पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. शेकडो माणसे दवाखान्यात गेली. कपाशी त्या साली डोक्याइतकी उंच व दाट वाढली होती, त्यामुळे औषधाचा तुषार तोंडावर व छातीवर येई. किडीच्या भीतीने दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात. हातमोजे नाहीत, तोंडावर पट्टा नाही, ओले कपडे दिवसभर अंगावर, असे काम कित्येक ठिकाणी चालले होते. यात एकट्या शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. औषध विकणारा, ते विकू देणारा व सल्ला देणारा यांचीही त्यात जबाबदारी होती. तथापि मजुराच्या सर्वांत जवळ उभा असतो तो शेताचा मालक, आणि थांबविण्याचा अधिकार त्याच्याच हाती असतो.

धन्याचे वळण मजुरास कोठे दिसते? आमच्या मते तीन ठिकाणी. पहिले, तो प्रथम काय विचारतो. संध्याकाळी ‘किती पंप झाले?’ हाच पहिला प्रश्न असेल, तर हातमोजे घालण्यात वेळ घालविणारा गडी मूर्ख ठरतो. दुसरे, तो पैसा कशाचा देतो. पंपामागे मजुरी ठरली की घाई आलीच. दिवसाची मजुरी दिली, तर वारा उलटल्यावर थांबणे मजुरास परवडते. तिसरे, वाईट बातमी तो कशी ऐकतो. ‘धनी, डोके दुखते’ म्हणणाऱ्यास जो कामचुकार ठरवितो, त्याच्या शेतावर उद्यापासून कोणाचेच डोके दुखणार नाही. पडेल तो एकदम बेशुद्धच पडेल.

हा विचार नुसत्या भूतदयेचा आहे, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत अल्कोआ नावाची ॲल्युमिनियमची मोठी कंपनी आहे. १९८७ साली तिचे प्रमुखपद पॉल ओनील यांजकडे आले. भागधारकांपुढील पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या इजांचा विषय काढला, तेव्हा ऐकणारे बुचकळ्यात पडले. कोठेही इजा झाली तर ती खबर २४ तासांच्या आत, आणि पुन्हा तसे न घडण्याच्या उपायासह, थेट आपल्याकडे यावी, असा त्यांचा दंडक होता. खबर वर जावयाची म्हणून खालच्याचे बोलणे वरच्यांना ऐकावे लागू लागले, आणि त्यातून यंत्रांचे व कामाचेही दोष उघडकीस आले. ओनील पद सोडीपर्यंत इजांचे प्रमाण पुष्कळच उतरले व कंपनीचा नफाही वाढला.

आता आपल्या शेतावर काय करावे, ते थोडक्यात सांगतो. औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग मजुरास स्वतः दाखवावा. तांबडा त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी. दुकानदार सांगेल तशी औषधे मिसळू नयेत. भर उन्हात अगर वाऱ्याच्या तोंडास फवारणी करवू नये. साबण व पाणी बांधावर ठेवावे. घाम सुटणे, मळमळ, डोळ्यांस अंधुक दिसणे, तोंडास लाळ येणे ही विषाची लक्षणे होत. ती दिसताच कपडे उतरवून अंग धुवावे आणि डब्यासह दवाखान्यात न्यावे, कारण डब्यावरून डॉक्टरास उतारा कळतो. पुष्कळ दिवस न उपसलेल्या विहिरीत अगर बंद टाकीत एकट्यास उतरवू नये; तेथे पहिला पडला की त्यास काढण्यास उतरलेला दुसराही पडतो. मळणी यंत्राच्या तोंडावरील झाकण काम लवकर उरकावे म्हणून काढू नये. या यंत्रांनी इतके हात तुटले की त्यांच्यासाठी १९८३ साली केंद्र सरकारला निराळा कायदा करावा लागला.

परंतु या साऱ्यांहून मोठी गोष्ट एकच. धन्याने स्वतः पंप पाठीवर घेतला, तर प्रथम हातमोजे घालावेत. आणि ते नसतील तर त्या दिवशी फवारणी थांबवावी. किडीने एक दिवस अधिक खाल्लेले पीक पुढल्या हंगामात भरून निघते. बोरिवलीकडील गोराईच्या वाडीत असो वा विदर्भातील कपाशीत असो, काम थांबविलेला तो एक दिवस मजुरास जे शिकवितो, ते शंभर सूचनाफलक शिकवीत नाहीत. म्हणून आमची वाचकांस विनंती इतकीच की, आज संध्याकाळी गडी परत आले म्हणजे ‘काम किती झाले?’ हे विचारण्यापूर्वी ‘सर्वजण धड आहात ना?’ हे विचारावे, आणि उत्तर ऐकण्यास दोन घटका थांबावे.